चौदा नंबरच्या खोलीतला डोंगर

आमच्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीवरचा डाग डिसेंबरअखेर बहात्तर सेंटिमीटर रुंद झाला होता. तो मी मुद्दाम मोजायला गेले नव्हते. पलंगावर आडवं झालं की समोर तोच दिसे, आणि समोर दिसेल ते मोजायचं ही माझी सवय आहे. माझी रूममेट आर्या म्हणे, डाग अगदी आफ्रिकेसारखा दिसतो. आफ्रिका खाली निमुळती होत जाते आणि आमचा डाग खाली पसरत होता, एवढंच मी तिच्या लक्षात आणून दिलं. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भिंतीपलीकडे दुसऱ्या मजल्याचं सामाईक बाथरूम होतं. म्हणजे ओल कुठून येते याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो करायचं काय, याचा. मागच्या वर्षी सहा नंबरच्या खोलीत अशीच ओल आली होती. गळती शोधायला अख्खी भिंत फोडली, महिनाभर ठाकठोक चालली, गळती सापडली नाही. तेव्हापासून हॉस्टेलच्या ट्रस्टने ठराव केला की ओल आलेली खोली दुरुस्त करायची नाही, बंद करायची. सहा नंबरमध्ये आता मोडक्या खाटा राहतात.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी नोटीस लागली: येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता समिती सर्व खोल्यांची पाहणी करेल. ओलसर आढळलेल्या खोल्यांतील विद्यार्थिनींना तळमजल्यावरील हॉलमध्ये हलवण्यात येईल.

हॉल म्हणजे आठ खाटा, दोन पंखे आणि एक टीव्ही. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. मार्चअखेर माझा प्रबंध द्यायचा होता. आठ मुलींचे आठ अलार्म, आठ फोन आणि एक टीव्ही यांच्या सहवासात प्रबंध लिहिता येतो असं म्हणणारे लोक असतील. मी त्यांतली नाही. फलटणहून वसईला शिकायला आले तेव्हा मी घरच्यांकडे एकच गोष्ट मागितली होती, दार लावता येईल अशी खोली. ती आता सहा दिवसांची सोबती होती.

मी रेक्टर सालोमी मॅडमकडे गेले. म्हटलं, एखादा प्लंबर बोलावून एकदा बघता येईल का?

"येईल की," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दुरुस्तीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "इथं लिही. खोली नंबर, तक्रार, सही. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते."

मी पेन उचललं.

"काय तक्रार लिहिणार?"

"भिंतीला ओल आहे."

"मग ते रविवारी समितीला दिसणारच. रजिस्टर त्यांच्या टेबलावरच असतं."

मी पेन खाली ठेवलं. तक्रार केली तर खोली बंद, न केली तर दुरुस्ती नाही. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी रजिस्टर हळूच मिटलं आणि म्हणाल्या, "मी तुझ्या खोलीत चार महिन्यांत आलेले नाही हं. मला काही माहीत नाही." मग मी दारापाशी पोचल्यावर, "आणि खिळा ठोकायचा नाही. भिंतीला खिळा दिसला तर दोघींना बाहेर काढीन."

अशा रीतीने आमचा खोली सजवण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'सजवणे' हा शब्द आर्याचा. माझ्या मते तो पुरावा झाकण्याचा प्रकार होता आणि शास्त्राच्या विद्यार्थिनीला तो शोभणारा नव्हता. पण आर्या म्हणाली, "ज्ञानदा, तू खोटं बोलणार नाहीयेस. तू फक्त डेकोर करणारेस." आमच्याकडे दोघींचे मिळून सहाशे रुपये होते.

मजल्यावर बातमी पसरायला एक दुपार पुरली. त्यानंतर ज्या मुलींनी वर्षभरात माझ्याकडे फक्त इस्त्री मागितली होती त्या सल्ला द्यायला आल्या. कपाट सरकवा. (कपाट भिंतीत बसवलेलं आहे.) मोठा आरसा लावा. (खिळा.) टूथपेस्ट फासा. भिंतीपुढे अभ्यास करत बसा आणि समिती आली की उठूच नका. स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितलं की ओलीवर चुना आणि ताक लावतात. कुणी लावलं होतं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आमच्या नणंदेनं. पन ते घर पडलं."

मंगळवारी आर्याने स्टेशनजवळून चिकटणारा वॉलपेपर आणला. त्यावर विटांचं चित्र होतं. ओल्या पृष्ठभागावर गोंद धरत नाही हे मी तिला सांगितलं. "निगेटिव्ह बोलू नको ना यार," ती म्हणाली. आम्ही तीन तास विटा चिकटवल्या. लांबून खरंच भिंतीला भिंत लावल्यासारखं दिसत होतं. बुधवारी सकाळी सहा वाजता ती अख्खी भिंत सुटली आणि आर्याच्या अंगावर पडली. कागदाची असली तरी झोपेत अंगावर भिंत पडणं हा गंभीर अनुभव असतो. तिची किंकाळी तळमजल्यावर हॉलमध्ये ऐकू गेली, आणि हॉलमधल्या सहा मुलींची किंकाळी वर आमच्यापर्यंत आली. तिथला आवाज कसा असतो याची मला त्यानिमित्ताने नोंद घेता आली.

साडेचारशे रुपये गेले होते आणि रविवारला चार दिवस उरले होते.

बुधवारी कॉलेजात मी गप्प होते. मी रोजच गप्प असते, पण माझी वर्गमैत्रीण ॲनिशा हिला फरक कळतो. ती राजोडीच्या बाजूची, गावात राहणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंत किती मोठी?"

"दोन मीटर बाय दीड झाकायची आहे."

"खिळा नको, चिकटवायचं नाही, पैसे नाहीत?"

"हो."

"मग डोंगर लाव."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. त्यांच्या आळीत नाताळला येशूजन्माचा मोठा गोठा करतात. गोणपाटाला खळ आणि काव लावून, बांबूच्या कामट्यांच्या चौकटीवर ताणून त्याचे डोंगर बनवतात. तिचा थोरला भाऊ मर्विन त्या मंडळाचा प्रमुख होता. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला होता, गोठा नुकताच उतरवला होता आणि डोंगर त्यांच्या पडवीत आईच्या शिव्या खात उभा होता.

"चौकट जमीन आणि छताच्या मध्ये घट्ट बसते," ॲनिशा म्हणाली. "खिळा लागत नाही. आणि यंदा दुसरं बक्षीस आहे त्याला."

गुरुवारी मर्विन आला. हॉस्टेलमध्ये पुरुषांना मज्जाव आहे. फक्त 'कारागीर' या रकान्यात सही करून अकरा ते एक येता येतं. मर्विन पंखे-मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळे कारागीर म्हणून सही करताना त्याला काही अडचण आली नाही. मला आली. माझ्या अर्जात 'कामाचे स्वरूप' लिहायचं होतं. मी बराच विचार करून 'अंतर्गत रचना' असं लिहिलं.

माझी अपेक्षा होती की एक साधा तपकिरी पडदा येईल. मर्विन साधं काही करत नसे. त्याने डोंगर बसवला, दोन पावलं मागे गेला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "रिकामं वाटतंय. मेंढरं आणू का?"

"नको," मी म्हटलं.

"तीनच. लहान आहेत."

"नको."

"तारा तरी? वर लुकलुकेल. डोंगर आहे आणि तारा नाही, बरं दिसत नाही गं."

तारा आर्याने मागून घेतला. तेवढ्यात सालोमी मॅडम दारात उभ्या राहिल्या. त्या डोंगराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मर्विन, हा तुमच्या आळीचाच ना? याच्याच डाव्या बाजूला मेंढपाळ होता."

"हो मॅडम."

"पहिलं बक्षीस द्यायला हवं होतं. परीक्षक बाहेरचे होते." आणि खिळ्यासाठी चौकट वरून खाली तपासून त्या निघून गेल्या.

आम्ही जिंकलो होतो. डाग नाहीसा झाला होता. खोली बेथलेहेमच्या एखाद्या कोपऱ्यासारखी दिसत होती, पण कोरड्या कोपऱ्यासारखी. त्या दिवशी दुपारी मी प्रबंधाची चार पानं लिहिली.

शुक्रवारी सकाळी खोलीत वास येऊ लागला. पावसाळ्यात गोठ्याबाहेर येतो तसा, ओल्या तागाचा. आर्याने उदबत्ती लावली. मग खोलीत ओल्या तागाच्या मंदिराचा वास येऊ लागला. मी गोणपाटाला बोट लावलं. ते भिंतीला टेकलेलं होतं आणि त्याने भिंतीतलं पाणी ओढून घेतलं होतं. तागाचा धागा पाणी ओढतो हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींना प्रात्यक्षिकात शिकवते. माझ्याच खोलीत ते मला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी आर्या म्हणाली, "ज्ञानदा, डोंगराला दाढी आलीय."

मी चष्मा लावला. गोणपाटाच्या विणीतून बारीक, पोपटी रंगाचे कोंब बाहेर आले होते. शेकड्यांनी. खिडकीच्या दिशेने माना वळवून उभे होते.

मी ॲनिशाला फोन केला. पलीकडे मर्विनच बोलला. "अगं ती नाचणी. डोंगर हिरवा दिसायला पोत्यातच पेरतो आम्ही. खालच्या भागाला पाणी मारलं होतं, तिथं नाताळात उगवून गेली. वरच्या भागात दिव्यांच्या वायरी होत्या ना, शॉक लागेल म्हणून तिथं पाणी मारलं नाही. ती तशीच राहिली असेल." मग त्याचा आवाज एकदम उजळला. "छान आलीय का? फोटो पाठव ना!"

मी इथे एक गोष्ट नमूद करते. गेले सहा महिने मी प्रयोगशाळेत एका रानगवताचं बी उगवायचा प्रयत्न करत होते. नियंत्रित तापमान, निर्जंतुक कागद, मोजून पाणी. चाळीस दाण्यांतले तीन उगवले होते. इथे खळ लावलेल्या पोत्यात, लुकलुकत्या ताऱ्याखाली, कुणीही न मागता पीक आलं होतं.

"उपटू या," आर्या म्हणाली. उपटून पाहिलं. कोंबाबरोबर काव निघाली, कावेबरोबर खळ, आणि तिथे ओलं काळं भोक दिसू लागलं. "कापू या." नखं कापायच्या कात्रीने आम्ही तासभर कापलं. अर्ध्याहून कमी झालं, आणि जिथे कापलं तिथे दाढीचे खुंट राहिले. ते जास्त संशयास्पद दिसत होते. डोंगर काढून टाकावा तर खाली डाग होता, तो आता आफ्रिका आणि मादागास्कर असा झाला होता. मर्विनला बोलवावं तर शनिवारी कारागिरांना प्रवेश नव्हता.

दुपारपर्यंत मजल्यावरच्या इतर बावीसच्या बावीस मुली पीक बघून गेल्या. एकीने विचारलं, खत काय घालता? एकीने सेल्फी काढला. अशा वेळी लोक जप करतात किंवा आईला फोन करतात. मी वही घेतली. कामट्यांमुळे पोत्याचे वीस-वीस सेंटिमीटरचे चौकोन पडलेच होते. प्रत्येक चौकोनात किती दाणे दिसतात आणि त्यांतले किती उगवले, ते मी भिंग लावून मोजायला बसले. कापलेले खुंटही धरले.

"तू आत्ता, या वेळी, हे का करतेयस?" आर्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

रविवारी अकरा वाजून चार मिनिटांनी समिती आली. पुढे इंजिनिअर हर्षवर्धन सर, हातात पाहणीचा तक्ता. मागे सालोमी मॅडम. आणि सगळ्यांत मागे ट्रस्टचे ज्येष्ठ सभासद फर्डिनंड काका, भातशेती आणि केळीची बाग करणारे, ऐंशीच्या जवळचे, जिना चढून दमलेले. ते आल्याआल्या माझ्या खुर्चीत बसले.

हर्षवर्धन सर डोंगरापुढे उभे राहिले.

"हे काय आहे?"

"डेकोर, सर," आर्या म्हणाली.

"हे उगवलेलं आहे."

"हो सर. नॅचरल डेकोर."

सरांनी गोणपाट दाबलं. त्यांच्या बोटांमधून पाण्याचा एक थेंब निघाला आणि मनगटाकडे ओघळला. त्यांनी रुमाल काढून हात पुसला, तक्त्यावर चौदा नंबरसमोर पेन टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. "भिंतीला ओल आहे. मान्य?"

आर्याने मला चिमटा काढला. काही न बोलणं मला चांगलं जमतं; मी आयुष्यभर तेच केलं आहे. पण प्रश्न थेट होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "पण सगळीकडे नाही."

"म्हणजे?"

मी वही पुढे केली. "दाणे सगळीकडे सारखे पडलेले नाहीत, म्हणून मी उगवणीचं शेकडा प्रमाण काढलंय. कडांना बारा-पंधरा टक्के. मध्ये चाळीस. वरून तिसऱ्या ओळीत, पाचव्या चौकोनात एक्क्याण्णव. त्याच्या वरच्या दोन ओळींत दाणे आहेत, पण एकही उगवला नाही."

सरांनी वही बघितली आणि परत केली. "मॅडम, मला भिंतीचा रिपोर्ट लिहायचाय, शेतीचा नाही."

"थांब जरा, इंजिनिअर," खुर्चीतून फर्डिनंड काका म्हणाले. "पोरी, परत सांग. वरती कोरडं?"

"पूर्ण कोरडं, काका."

"आनि त्याच्या खाली एकदम दाट?"

"हो."

"मग पानी तिथूनच सुटलंय. पाट कुठं फुटला ते आमी कसं बघतो? गवत बघतो. अख्खं शेत खनत नाही." ते काठी टेकत उठले. "त्या चौकोनाच्या मागं काय हाय?"

"बाथरूम."

"चला."

सर नाराज होते. सहा नंबरची भिंत त्यांनीच फोडून घेतली होती. बाथरूममध्ये पोचल्यावर ते म्हणाले, "एक टाइल. एकच टाइल फोडेन. पाणी दिसलं तर जोड बदलू. नाही दिसलं तर ही खोली आज बंद, आणि मुली संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये. कबूल?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दारात बावीस मुली उभ्या होत्या. मी कबूल म्हटलं. मी वहीत बघून आकडा सांगितला: कोपऱ्यापासून पंच्याण्णव सेंटिमीटर, जमिनीपासून एकशे बावन्न. सरांनी टेप लावला, खूण केली आणि त्यांनी फोन करून बोलावलेल्या प्लंबरने छिन्नी धरली.

टाइल फुटली. आत सिमेंट होतं. नुसतं दमट; पाणी कुठेच नव्हतं.

"झालं," सर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आकडे बरोबर होते. मी दोनदा मोजले होते. मी खाली बघितलं, कारण बावीस मुलींकडे बघणं शक्य नव्हतं, आणि मला बाथरूमचा उंबरठा दिसला. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. मी उंची खोलीच्या जमिनीपासून मोजली होती आणि सरांनी टेप बाथरूमच्या जमिनीपासून लावला होता. इतकी बाळबोध चूक पहिल्या वर्षाच्या मुलीने केली असती तर मी तिची वही लाल केली असती.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "ही जमीन अकरा-बारा सेंटिमीटर खाली आहे. तेवढं वर फोडायला हवं होतं."

"एक टाइल ठरली होती."

"हो. ठरली होती."

"अरे, पोरगी स्वतःची चूक सांगते," फर्डिनंड काका म्हणाले. "सहा नंबरला तुझी चूक तू सांगितलीस का? फोड."

प्लंबरने सरांकडे बघितलं, सरांनी छताकडे. दुसरी टाइल अर्धी निघाली तेव्हाच आतून एक बारीक, गार धार आली आणि इंजिनिअर साहेबांच्या शर्टाच्या खिशावर पडली. पाइपच्या वळणावरचा जोड गंजून केसाएवढा फाटला होता. फर्डिनंड काकांनी बोट भिजवून ते पाणी बघितलं, शेतात बघावं तसं, आणि समाधानाने मान हलवली. सालोमी मॅडम कुणाला दिसणार नाही अशा बेताने हसल्या. मी खाली बसले. नक्की कशावर बसले ते नंतर कळलं. ती कुणाची तरी भरलेली बादली होती.

तक्त्यावर चौदा नंबरसमोर जो शेरा लिहिला गेला, त्याची प्रत मॅडमनी मला दिली. 'खोली वापरण्यास योग्य. विद्यार्थिनींना हलवू नये. भिंतीवरील पीक सात दिवसांत काढून घ्यावे.'

जोड बदलायचा, टाइल बसवायच्या, सिमेंट वाळू द्यायचं, म्हणून दुसऱ्या मजल्याचं बाथरूम आठ दिवस बंद राहील अशी नोटीस त्याच संध्याकाळी लागली. मजल्यावरच्या सगळ्यांनी आंघोळीला तळमजल्यावर जावं. तिथे नळ दोन आहेत आणि गरम पाणी साडेसहाला संपतं.

सोमवारी पहाटे साडेपाचला आमच्या दारावर पहिला धपका बसला. "ऊठ गं शेतकरीणबाई!" आणि जिन्यावरून बादली खडखडत खाली गेली. मग दुसरा. "काय, कापणी कधी?" मग तिसरा, नुसताच, पण मनापासून. आर्याने उशी डोक्यावर घेतली आणि आतून म्हणाली, "ज्ञानदा, उघडू नकोस. प्लीज."

उघडायचा प्रश्नच नव्हता. मी पडल्यापडल्या मोजत होते. बावीस झाले. एकही गैरहजर नव्हती.